कथा-कलाटणीची अटकळ

कल्पनारम्य दूरचित्रवाणी मालिकेचे कथानक पुढे कोणते अनपेक्षित वळण घेईल, याविषयी प्रेक्षकांनी कथेतच विखुरलेल्या खुणांच्या आधारे केलेली तर्कबांधणी. नाशिकसह महाराष्ट्रातील प्रेक्षक तिला सरसकट ‘थिअरी’ म्हणतात. ती ‘खरी निघते’, ‘फसते’ किंवा ‘ओढूनताणून आणलेली’ ठरते. भाकिताहून ती निराळी. ‘अमुक पात्र मरणार’ हे भाकीत; ‘पहिल्या पर्वातील अमुक वाक्य पाहता ते मरणार’ ही अटकळ. फुटलेल्या चित्रफितीवरून सांगितलेली पुढची गोष्ट ही अटकळच नव्हे. २०१७च्या ऑगस्टमध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या अमेरिकी कल्पनारम्य मालिकेच्या सातव्या पर्वाचा चौथा भाग प्रसारणाआधीच भारतातून फुटला व त्या प्रकरणी चौघांना अटक झाली, त्यानंतरच्या काही दिवसांतील बिनचूक ‘थिअरी’ या नोंदीच्या कक्षेबाहेरच्या आहेत.

या प्रथेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. संस्कृत नाट्यविचाराचे अभ्यासक तिचे मूळ भरताच्या नाट्यशास्त्रातील ‘पताकास्थानक’ या संकल्पनेत पाहू शकतील. मनात एक विषय चालू असता त्याच्याशी जुळणारा दुसराच अर्थ अवचित सुचवला जाणे, हे पताकास्थानकाचे लक्षण. भरताने त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. सामान्यतः आठव्या शतकात ठेवल्या जाणाऱ्या भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तील पहिल्या अंकात त्याचे ठळक उदाहरण सापडते. निद्रिस्त सीतेकडे पाहून राम म्हणतो, हिचे काय प्रिय नाही, असह्य आहे तो फक्त विरह. तोच प्रतिहारी (द्वारपालिका) येऊन सांगते, ‘महाराज, आला.’ आला आहे तो दुर्मुख हा हेर, पण प्रेक्षकाच्या कानी विरहच दारात येऊन उभा राहतो. निर्वहण संधीत, म्हणजे नाटकाच्या शेवटच्या टप्प्यात, अद्भुत रस असावा, हाही भरताचाच दंडक. याच नाटकाचा तिसरा अंक पंचवटीच्या परिसरात घडतो, आणि शेवटी वाल्मीकीला सोडून भवभूती राम-सीतेचे पुनर्मीलन घडवतो. कथा पाठ असलेल्या प्रेक्षकाला दिलेली कलाटणी ती हीच. तरीही पताकास्थानक ही कवीची युक्ती आहे, प्रेक्षकाचा उद्योग नव्हे. एका बैठकीत संपणाऱ्या प्रयोगात तर्क बांधायला सवड मिळते कुठे?

दुसरे मत क्रमशः प्रकाशनाकडे बोट दाखवते. मराठीत ह. ना. आपटे यांच्या ‘करमणूक’ पत्रातून १८९०पासून कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने येऊ लागल्या. हिंदीत देवकीनंदन खत्री यांच्या तिलिस्मी (जादुई रहस्याच्या) कथा त्याच सुमाराच्या. वाचकाच्या हाती अर्धी कथा आणि मधला रिकामा काळ असा योग येथे प्रथमच नियमित जुळला. तिसरे मत या प्रथेला निखळ संगणकयुगीन मानते व ‘आर+एल=जे’ या पुढे येणाऱ्या अटकळीचे १९९७ हे वर्ष पुढे करते. ग्राह्य वाटते ते दुसरे. संगणकाने अटकळ जन्माला घातली नाही, तिची दप्तरनोंद ठेवली. मध्यंतर लांबले की ती फोफावते, हे पुढेही दिसून आले. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे पाचवे पर्व जॉन स्नो या प्रमुख पात्राच्या मृत्यूवर संपले आणि सहावे सुमारे दहा महिन्यांनी आले, सातव्या व आठव्या पर्वांमध्ये ५९५ दिवस गेले. उलट, सगळे भाग एकाच दिवशी खुले करणाऱ्या मालिकांभोवती ती फारशी तगत नाही.

भारतीय दूरचित्रवाणीवर खत्रींच्या कथेवरील ‘चंद्रकांता’ (१९९४–९६) हा या प्रथेचा महत्त्वाचा टप्पा मानता येईल. तीतील ऐयार (चतुर हेर) वेषांतरात तरबेज असल्याने समोर दिसणारा माणूस तोच की दुसरा, हा प्रश्न दर रविवारी नव्याने पडे.

वंशरहस्याची अटकळ हा सर्वांत अभ्यासलेला प्रकार. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ जिच्यावर बेतली त्या जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेचा पहिला खंड १९९६मध्ये आला; जॉन स्नो हा सरदार नेड स्टार्कचा अनौरस पुत्र नसून युवराज रेगार व नेडची बहीण लियाना यांचा मुलगा आहे, हा तर्क ‘आर+एल=जे’ या समीकरणरूपात १९९७पर्यंत मांडला गेला होता. त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. नेडच्या स्वप्नात मनोऱ्यापाशी तीन राजरक्षक उभे आहेत. राजरक्षकाने राजाजवळ असावे असा नियम. राजा व युवराज दोघेही मेलेले असताना हे तिघे तेथे कोणाला राखत होते? त्यात मरणोन्मुख बहिणीने घेतलेले वचन आणि निळी गुलाबफुले मिळवली की उत्तर आपोआप पुढे येते. मालिका काढण्याची परवानगी देण्यापूर्वी मार्टिन यांनी बेनिऑफ व वाइस या निर्मात्यांना जॉनची आई कोण हेच विचारले, असे ते दोघे सांगतात. दूरचित्रवाणीवर उत्तर आले २६ जून २०१६ रोजी, म्हणजे सुमारे १९ वर्षांनी.

फसलेल्या अटकळीही बोधक असतात. राणी सर्सीला तिचा धाकटा भाऊ मारील, हा तर्क ग्रंथातील एका भविष्यवाणीतल्या ‘वलोंकार’ (धाकटा भाऊ) या शब्दावर उभा होता. मालिकेने भविष्यवाणी घेतली, पण तेवढा भाग गाळला, आणि सर्सी ढिगाऱ्याखाली गेली. वाचकांनी ग्रंथातील पुरावा मालिकेला लावला, ही येथील पद्धतीची चूक.

नामव्युत्पत्तीवरील अटकळ नाशिककराला उपजतच कळावी. शूर्पणखेच्या नासिकेवरून नाशिक की नऊ शिखरांवरून, हा वाद येथे लहानपणीच कानी पडतो. पांडवलेणीतील शिलालेखांत ‘नासिक’ हेच रूप असल्याने नऊ शिखरांची बाजू लंगडी पडते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधील होडोर या पात्राचे नाव ‘होल्ड द डोअर’ (दार धरून ठेव) या आज्ञेचा अपभ्रंश असल्याचे २०१६मध्ये उघड झाले, तो याच जातीचा प्रकार. मात्र खूण इंग्रजी ध्वनीत दडलेली असल्याने अनुवादातून ती सापडणे अशक्यच होते.

नाशिकमध्ये ही चर्चा मुख्यतः कॉलेज रोड व गंगापूर रोडच्या कट्ट्यांवरची आणि मोबाइलवरची. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची शेवटची पर्वे भारतात अमेरिकेबरोबरच, सोमवारी सकाळी साडेसहाला उपलब्ध होत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सकाळच्या पाळीला जाणाऱ्याला तो भाग घरी परतल्यावरच पाहता येई. तोवर त्याच्यापुढे तोंड न उघडणे हा शिष्टाचार. तो मोडणाऱ्याला पुढच्या वेळी चहा पाजावा लागणे हा सौम्य दंड समजावा.

‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या पूर्वकथेवरील, २०२२मध्ये सुरू झालेल्या ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ या मालिकेमुळे प्रथेचे स्वरूप काहीसे पालटले. तिचा आधारग्रंथ २०१८मध्येच प्रसिद्ध झाला असून कोण मरणार हे त्यात छापलेले आहे. पण तो ग्रंथ बखरीच्या धाटणीचा आहे: राजदरबारचा विदूषक, धर्मगुरू व राजवैद्य-पंडित एकाच घटनेची परस्परविरोधी हकिगत देतात. त्यामुळे अटकळ आता मालिका या तिघांपैकी कोणाचे खरे धरणार यावर बांधली जाते, आणि विदूषकाच्या बाजूने बोलणारे नेहमीच जास्त असतात.