धूमकेतूवरचा शिलालेख

प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीतला सिंह म्हणजे ‘ल’. फ्रेंच विद्वान शांपोलियाँने हे ताडलं ते दोन नावं शेजारी ठेवून. एक रोझेटा शिळेवरचं, म्हणजे चित्रलिपीतला मजकूर ग्रीकमध्येही दिलेल्या शिळेवरचं, प्तोलेमायोस राजाचं. दुसरं नाईलमधल्या फिले बेटावरून इंग्लंडला नेलेल्या स्तंभावरचं, क्लिओपात्राचं. राजघराण्यातली नावं लंबगोल चौकटीत कोरली जात, म्हणून ती ओळखू येत. पहिल्या चौकटीत सिंह चौथा, दुसरीत दुसरा, आणि दोन्हीकडे ‘ल’ बरोबर तिथेच यायला हवा होता! ‘प’ आणि ‘ओ’च्या खुणाही अशाच जुळल्या. चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख फिलेच्याच देवळात, इ.स. ३९४ मध्ये कोरलेला. त्यानंतर मुकी झालेली ही लिपी १८२२ मध्ये पुन्हा बोलू लागली.

युरोपीय अंतराळ संस्थेने २००४ मध्ये ६७पी धूमकेतूकडे धाडलेल्या यानाचं नाव ‘रोझेटा’ ठेवलं ते यामुळेच. सूर्यमाला घडताना उरलेला ऐवज धूमकेतूत सुमारे ४६० कोटी वर्षं गोठून पडला आहे. तो वाचता आला, तर ग्रहांच्या जन्माची हकिकत हाती लागेल. सोबतच्या लँडरला, म्हणजे धूमकेतूवर उतरायच्या छोट्या यानाला, ‘फिले’ हे नाव १५ वर्षांच्या एका इटालियन मुलीने सुचवलं. मला ते फारच नेमकं वाटतं. शिळा एकटी पुरली नव्हती, जोडीला स्तंभ लागला. तसंच इथे नुसत्या घिरट्या पुरणार नव्हत्या, खाली उतरायलाच हवं होतं.

उतरायच्या जागेचं नाव होतं ‘अगिल्किया’. आस्वानच्या धरणांमुळे फिले बेट पाण्याखाली जात होतं, तेव्हा तिथली देवळं दगड न् दगड सोडवून शेजारच्या अगिल्किया बेटावर पुन्हा उभारली गेली. देवळं तिथे टिकली. लँडर मात्र टिकला नाही. १२ नोव्हेंबर २०१४ ला तो टेकला खरा, पण जमिनीत रुतायचे भाले सुटलेच नाहीत. गुरुत्व इतकं क्षीण, की १०० किलोचा तो लँडर पहिल्याच उसळीत जवळजवळ दोन तास तरंगत राहिला! शेवटी एका कड्याच्या सावलीत अडकला. त्या जागेला मग इजिप्तच्याच एका प्राचीन नगरावरून ‘अबायडोस’ म्हटलं गेलं. ऊन पुरेसं मिळेना, बॅटरी साठेक तासांत संपली. तेवढ्यातही त्याने मोजमापं पाठवली.

रोझेटाने वर राहून धूमकेतूचं पाणी तपासलं. त्यात जड हायड्रोजनचं प्रमाण आपल्या समुद्राच्या तिपटीहून जास्त निघालं. म्हणजे पृथ्वीवरचं पाणी निदान अशा धूमकेतूंनी तरी आणलेलं नसावं. ग्लायसीन हे अमिनो आम्लही, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, सापडलं.

हरवलेला फिले कॅमेऱ्यात दिसला तो २ सप्टेंबर २०१६ ला, कड्याखाली, पाय वर करून. महिन्याभरातच, ३० सप्टेंबरला, रोझेटालाही धूमकेतूवर उतरवून मोहीम संपवली. त्या जागेचं नाव ‘साइस’. रोझेटा शिळा मुळात ज्या देवळात उभी होती असं मानतात, ते देऊळ साइस नगरातलं.