रूसियोंची द्राक्षे आणि वाइन

रूसियों हा फ्रान्सच्या अगदी दक्षिणेकडचा, भूमध्य समुद्र आणि पिरेनीज पर्वत यांच्या बेचक्यातला द्राक्षप्रदेश. आजच्या पिरेने-ओरियांताल जिल्ह्याचा बराचसा भाग त्यात मोडतो आणि पर्पिन्यां हे त्याचे मुख्य शहर. सरकारी कागदांत आणि वाइनच्या दुकानांत त्याचे नाव शेजारच्या लांगदोकला जोडून घेतले जाते. ही जोडी सोयीची असली तरी फसवी आहे. लांगदोकची परंपरा ऑक्सितान (दक्षिण फ्रान्सच्या जुन्या भाषेची), रूसियोंची कॅटलन (बार्सिलोनाच्या बाजूची). हा मुलूख फ्रान्सकडे आला तो १६५९ च्या पिरेनीजच्या तहाने, तोवर तो सरहद्दीपलीकडचा, स्पेनच्या राजाचा होता. ही जुनी सरहद्द गावांच्या नावांतही उरली आहे: आग्ली नदीकाठच्या एका वाइनप्रसिद्ध गावाचे नाव लातूर-द-फ्रान्स, म्हणजे 'फ्रान्सचा बुरूज'. (आपल्या लातूरशी त्याचा संबंध नाही.) वाइनच्या बाबतीतही वेगळेपण ठळक आहे. फ्रान्समध्ये होणाऱ्या 'नैसर्गिक गोड' वाइनपैकी सुमारे ८० टक्के एकट्या रूसियोंतून येते.

प्रदेशाचा आकार समुद्राकडे उघडणाऱ्या रंगमंचासारखा आहे. उत्तरेला कोर्बिएरच्या टेकड्या, पश्चिमेला २,७८४ मीटर उंचीचा कानिगू, दक्षिणेला आल्बेरची रांग. मधून आग्ली, तेत आणि तेक या तीन नद्या समुद्राकडे उतरतात. ऊन भरपूर, वर्षाला साधारण अडीच हजार तास. पाऊस मैदानात सरासरी ५५० ते ६०० मिलिमीटर, पण तो बेभरवशाचा: महिनोन्‌महिने थेंब नाही आणि शरद ऋतूत दोन दिवसांत वर्षाची कसर भरून काढणार. ऑक्टोबर १९४० चा महापूर तिथे अजून आठवला जातो. याच्या जोडीला वायव्येकडून सुटणारा त्रामोंतान वारा. तो जोराचा आणि कोरडा असतो, कोवळे फुटवे मोडतो, पण घडांत ओल राहू देत नाही. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराची झोप उडवणारे भुरी आणि डाऊनी हे रोग त्यामुळे इथे तुलनेने कमी त्रास देतात. मात्र हाच वारा मण्यातले पाणी शोषतो आणि मागे साखर दाट होत जाते. रूसियोंच्या वाइनचा सगळा इतिहास म्हणजे या जादा साखरेचे काय करायचे, याची शोधलेली उत्तरे आहेत.

जुन्या बागा पाहिल्या तर मांडव नाही, तारा नाहीत. प्रत्येक वेल आखूड छाटलेला, गुडघाभर उंचीचा, स्वतःच्या खोडावर उभा असतो. पाने स्वतःच्याच घडांवर सावली धरतात आणि वाऱ्याला पकडायला फारसे काही उरत नाही. हिवाळ्यात वेल झोपतो, छाटणी तेव्हाच एकदा होते. आपल्याकडची एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी ही दुहेरी कसरत तिथे नाही. काढणीला सुरुवात होते तीही फ्रान्सच्या मुख्य भूमीवर सर्वांत आधी, पुष्कळदा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात.

इथली राणी ग्रनाश. मूळची स्पेनच्या आरागोन भागातली ही जात उन्हाला आणि दुष्काळाला दाद देत नाही. साल पातळ, रंग बेताचा, आंबटपणा कमी, साखर मात्र चढती. तिची काळी, करडी आणि पांढरी अशी तीन रूपे आहेत, आणि जुन्या बागांत तिन्ही एकाच ओळीत सरमिसळ लावलेली सापडतात. करडी ग्रनाश ही रूसियोंची खास दौलत म्हणायला हरकत नाही: गुलाबी-तपकिरी मण्यांची, पण तिच्यापासून निघणारी कोरडी (म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली) पांढरी वाइन भरदार आणि किंचित खारट चवीची असते. ग्रनाशचीच एक बहीण ल्यादोनेर पलुत. पानांच्या खालच्या बाजूला लव असते म्हणून 'पलुत', म्हणजे केसाळ. कारिन्यां हीदेखील आरागोनकडचीच, पण स्वभावाने उलट. ती उशिरा पिकते, आंबटपणा टिकवते आणि सपाट सुपीक जमिनीत भरमसाट पिकते. या शेवटच्या गुणामुळे ती बदनाम झाली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनुदान घेऊन हजारो एकरांवरची कारिन्यां उपटली गेली. डोंगरउतारावरची जुनी झाडे ज्यांनी ठेवली, ते आज शहाणे ठरले आहेत.

सिराह ही ऱ्होन खोऱ्यातली, म्हणजे नाशिकच्या बाटल्यांवर 'शिराझ' नावाने दिसते तीच जात. रूसियोंत ती १९७० नंतर वाइन 'सुधारण्यासाठी' आणली गेली आणि मानांकनाच्या (प्रदेशाचे नाव लावायला कोणती द्राक्षे चालतील हे ठरवणाऱ्या सरकारी व्यवस्थेच्या) नियमांनी तिला उचलून धरले. रंग आणि सुवास ती देते, पण तापलेल्या कोरड्या उतारावर तिची दमछाक होते. मुर्व्हेद्रबद्दल फ्रान्समध्ये म्हणतात की तिला पाय पाण्यात आणि डोके उन्हात लागते; म्हणून समुद्राजवळ ती बरी पिकते. पांढऱ्यांत माकाबो ही कॅटलन जात आणि मुस्काचे दोन प्रकार येतात: बारीक मण्याची, नाजूक सुवासाची, आणि टपोऱ्या मण्यांची अलेक्झांड्रियाची.

साखरेच्या प्रश्नाचे पहिले उत्तर तेराव्या शतकातले. अर्नाऊ दे विलानोव्हा हा कॅटलन वैद्य माँपेलिएला शिकवत असे. रस आंबत असतानाच त्यात मद्यार्क ओतला तर किण्वन थांबते आणि न आंबलेली साखर वाइनमध्ये तशीच राहते, हे १२८५ च्या सुमारास त्याने दाखवले, असे परंपरा मानते. आज या क्रियेला 'म्युताज' म्हणतात, म्हणजे रसाला मुका करणे. उकळ्या फुटल्यासारखा आवाज करणारे पिंप खरोखरच गप्प होते, त्यामुळे शब्द चपखल आहे. नियम काटेकोर आहेत. द्राक्षरसात लिटरमागे किमान २५२ ग्रॅम साखर हवी. ती सगळी आंबली तर सुमारे १५ टक्के मद्यार्क होईल, म्हणजे घड किती पिकलेले लागतात याचा अंदाज येईल. त्यात जवळजवळ शुद्ध, ९६ टक्क्यांचा मद्यार्क आकारमानाच्या ५ ते १० टक्के एवढाच मिसळतात. पोर्तुगालच्या पोर्टमध्ये हे प्रमाण जवळपास दुप्पट आणि मद्यार्क सौम्य असतो. 'नैसर्गिक गोड' हे नाव ऐकून बाहेरून काहीच घातलेले नाही असे वाटते. तसे नाही: गोडवा द्राक्षाचा, जोर उसना.

या पद्धतीच्या वाइनची चार मोठी मानांकने आहेत. बान्युल्स, मोरी आणि रिव्हसाल्त यांना १९३६ मध्ये, म्हणजे फ्रान्सच्या मानांकन व्यवस्थेच्या पहिल्याच फळीत जागा मिळाली. मुस्का द रिव्हसाल्त १९५६ मध्ये आले. मुस्का ताजी, थंड प्यायची आणि तिचा नव्या हंगामाचा माल नाताळसाठी बाजारात येतो. बाकीच्या तिघी मुरवल्यावर खुलतात. मोरीत हे मुरवणे डोळ्यांनी पाहता येते. साठ-सत्तर लिटरच्या फुगीर काचेच्या बरण्या मोकळ्या अंगणात रांगेने मांडलेल्या असतात, तोंडे पुरती भरलेली नसतात. दिवसा ऊन, रात्री गारवा, हिवाळ्यात दहिवर, असे वर्षभर. लालभडक वाइन हळूहळू विटकरी, मग मधाच्या पोळ्यासारखी तपकिरी होते. एरवी वाइन तळघरात, अंधारात जपतात. इथे तिला साखरांब्याच्या बरणीसारखी उन्हात ठेवतात. त्यानंतर ती मोठ्या लाकडी पिंपात वर्षानुवर्षे पडून राहते. अक्रोड, सुके अंजीर, कोको, कॉफी असे वास येऊ लागले आणि कडेला एक हवीशी वाटणारी खवट छटा आली की तिला 'रान्सियो' म्हणतात. चॉकलेटबरोबर चालणाऱ्या मोजक्या वाइनमध्ये बान्युल्स आणि मोरी यांचे नाव पहिले. उलट ज्यांना ताज्या लाल फळांची चव हवी त्यांच्यासाठी हवा लागू न देता लवकर बाटलीत भरलेली बान्युल्स 'रिमाज' असते.

बान्युल्सच्या बागा मात्र मोरीपेक्षाही पाहण्यासारख्या आहेत. कोलिउर, पोर्व्हान्द्र, बान्युल्स-सुर-मेर आणि सेर्बेर ही चार गावे, आणि त्यांच्यामागे समुद्रात उतरणारे ठिसूळ पाटीच्या दगडाचे डोंगर. उतार इतका की ट्रॅक्टर चालत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चुन्याशिवाय रचलेल्या दगडी ताली घालून पायऱ्या केल्या आहेत, आणि मुसळधार पावसाचे पाणी माती घेऊन जाऊ नये म्हणून तालींमधून तिरपे दगडी पाट काढले आहेत. वरून पाहिले तर त्यांची जाळी पक्ष्याच्या पंजासारखी दिसते. कॅटलन शेतकरी तिला 'कोंबड्याचा पाय' म्हणतात. एका हेक्टरला कसेबसे २० हेक्टोलिटर (२,००० लिटर) उत्पन्न निघते आणि प्रत्येक ताल दर हिवाळ्यात हातानेच दुरुस्त करावी लागते.

एकोणिसाव्या शतकात साखरेला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले. पर्पिन्यांजवळच्या त्वीर गावी १८६६ मध्ये दोन भावांनी या भागातली वाइन आणि सिंकोनाची साल यांपासून 'बिर' नावाचे कडसर पेय तयार केले आणि ते आरोग्यपेय म्हणून खपले. तिथले ओकचे पिंप १० लाख लिटरचे आहे, जगातले सर्वांत मोठे म्हणून दाखवतात. त्याच सुमारास फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने बागा मारल्या आणि अमेरिकन खुंटावर कलमे करून सगळे नव्याने लावावे लागले. पुढे दर कोसळले. ज्यांच्या रसाला साखरेची कधी गरजच पडली नाही, असे शेतकरी १९०७ मध्ये बीटाची साखर घालून केलेल्या बनावट वाइनविरुद्ध रस्त्यावर उतरले. त्या जूनमध्ये पर्पिन्यांच्या सरकारी कचेरीला आग लावली गेली. उठावाचे केंद्र लांगदोकमध्ये होते, पण इथल्या माणसांचा राग वेगळाच बोचरा असणार.

दुसऱ्या महायुद्धानंतर गोड वाइन जेवणाआधीचे पेय म्हणून फ्रान्सभर खपली, मग व्हिस्कीने तिची जागा घेतली. खप घसरत गेला तसे उत्पादक कोरड्या वाइनकडे वळले. कोलिउरला १९७१ मध्ये आणि कोत दु रूसियोंला १९७७ मध्ये मानांकन मिळाले. आग्ली खोऱ्यातल्या निवडक गावांना 'व्हिलाज' हा वरचा दर्जा आहे. त्यांतल्या तोताव्हेलजवळच्या गुहेत साडेचार लाख वर्षांपूर्वीच्या मानवाची कवटी सापडली आहे. मोरीच्या कोरड्या लाल वाइनला २०११ पासून वेगळे मानांकन आहे, म्हणून बाटली घेताना लेबलवर 'सेक' (कोरडी) आहे की नाही हे पाहावे, नाहीतर जेवणाबरोबर सिरप हाती येते. कोरडी केली म्हणून साखर सुटत नाही, ती मद्यार्क होऊन बसते: १४.५-१५ टक्के इथे नेहमीचे. काल्ससारख्या गावांतले उत्पादक त्यावर उपाय म्हणून उंचावरच्या, थंड रात्रींच्या जागा, लवकर काढणी आणि करडी ग्रनाश, जुनी कारिन्यां, माकाबो यांच्याकडे वळले आहेत.

२०२२ पासूनच्या सलग दुष्काळाने मात्र या हिशेबाचाच पाया हलवला. पावसाअभावी मणी वाटाण्याएवढेच राहिले, कित्येक जुने वेल वाळले, आणि पाणी न देता बाग जगवण्याचा अभिमान बाळगणाऱ्या घरांत ठिबकच्या नळ्या अंथरायच्या की बाग उपटायची यावर वाद सुरू आहेत.