पिवळसर पांढरा की निळसर पांढरा? शेजारच्या रंगाला विचारून ठरवावे

जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वर महाराजांच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर चालणारे भाविक लांबून एकाच पांढऱ्या रंगात न्हालेले दिसतात. जवळ जाऊन दोन बाराबंद्या, म्हणजे बंदांनी बांधायचे त्यांचे पांढरे अंगरखे, शेजारी शेजारी पाहिल्या, की एक निळीत बुचकळून काढलेली असते आणि दुसरी नव्या सुताची, किंचित सायीच्या रंगाकडे झुकलेली. कापडाच्या गावात वाढलेल्या माणसाला कोरे आणि धुवट यांतला फरक शिकवावा लागत नाही. पण तोच माणूस घराला रंग काढायचा ठरवून दुकानात जातो, तेव्हा ‘भिंतींना पांढरा द्या’ एवढेच सांगतो, आणि काउंटरवर उलगडलेल्या शेड कार्डावरचे वीस-पंचवीस पांढरे पाहून गोंधळतो.

त्या सगळ्या छटांची मूळ घराणी दोनच आहेत, असे मानून चालायला हरकत नाही. एक पिवळसर पांढरा, ज्याला दुकानात ऑफ-व्हाइट, आयव्हरी किंवा क्रीम म्हणतात, आणि दुसरा निळसर किंवा करडी झाक असलेला, ‘एकदम पांढरा’ म्हणून मागितला जाणारा. दोन्हींना पांढरेपणा देणारा पदार्थ एकच असतो, टायटॅनियम डायऑक्साइड. फरक पडतो तो दुकानातल्या टिंटिंग मशीनमधून बेसमध्ये, म्हणजे मूळ पांढऱ्या रंगात, पडणाऱ्या रंगद्रव्याच्या थेंबांमुळे: पिवळ्याचे आणि क्वचित तांबड्याचे थेंब पडले की पहिला होतो, काळ्याचे आणि निळ्याचे पडले की दुसरा. आपल्याकडे चुन्यात नीळ टाकून भिंती रंगवत, त्यामागचे कारणही हेच होते. चुन्यातली पिवळी झाक निळ्याने दबते आणि डोळ्याला भिंत अधिक शुभ्र भासते, प्रत्यक्षात ती थोडा कमी प्रकाश परतवत असली तरीही. हिरवट आणि गुलाबी झाकेचे पांढरेही मिळतात, पण त्यांना घरात जागा क्वचितच सापडते, म्हणून ते येथे बाजूला ठेवतो.

दोन्ही पांढरे एकेकटे पाहिले तर ओळखू येत नाहीत, आणि चूक नेमकी इथेच होते. माझ्या थोरल्या बहिणीने सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ या भागातल्या फ्लॅटमध्ये हॉलची एक भिंत विटकरी रंगवून घेतली, उरलेल्या तीन भिंतींना एकदम पांढरा आणला. दरवाजे सागवानी, फरशी बदामी रंगाची. दुसरा हात वाळल्यावर त्या तीन भिंती निळ्या दिसू लागल्या, अगदी नीळ जास्त झालेल्या धोतरासारख्या. तिने रंगाऱ्याला बोलावले, तेव्हा त्याने डब्याचे झाकण उचलून वर्तमानपत्रावर एक पट्टा ओढला आणि म्हणाला, “ताई, डब्यात पांढराच आहे, बघा.” पट्टा खरोखरच स्वच्छ पांढरा दिसत होता. त्याचे म्हणणे बरोबर होते आणि तिची तक्रारही बरोबर होती.

दोघेही बरोबर कसे, याचे उत्तर एका रसायनशास्त्रज्ञाने कापडाच्याच धंद्यात शोधले होते. मिशेल-यूजेन शेव्हरल १८२४ साली पॅरिसच्या गोब्लां या गालिचे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख झाले. काळे सूत पुरेसे काळे उतरत नाही अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासले तेव्हा सुताची रंगाई निर्दोष निघाली. दोष होता त्या काळ्याशेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतात, हा त्यांचा निष्कर्ष १८३९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. विटकरी, गेरू, हळदी या रंगांशेजारी पांढरा निळाईकडे ढकलला जातो. पांढरा मुळातच निळसर असेल तर ती निळाई दुप्पट वाटते. उलट, करड्या-निळ्या रंगांशेजारी पांढरा पिवळा पडल्यासारखा दिसतो.

यातून निघणारा नियम पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो. ज्या रंगाशेजारी पांढरा नुसता पांढरा दिसायला हवा असेल, त्याच रंगाकडे तो किंचित झुकलेला निवडावा. बहिणीच्या हॉलवर पुढे पिवळ्याचे थेंब असलेल्या ऑफ-व्हाइटचा एक हात मारला, आणि शेड कार्डावर सायीसारखा दिसणारा तो रंग विटकरी भिंतीशेजारी साधा, शांत पांढरा दिसू लागला. मग उरलेला तोच रंग तिने हौसेने स्वयंपाकघरात लावला. तिथे काळ्या ग्रॅनाइटचा ओटा आणि त्यावर राखाडी-निळ्या टाइल्स. आठवडाभरातच तिला त्या भिंती तुपकट वाटू लागल्या, फोडणीच्या धुराने वर्षभर काळवंडल्यासारख्या. तिथे निळसर पांढराच हवा होता.

म्हणून निवड करताना आधी घरातले न बदलणारे रंग पाहावेत, आणि त्यांत पहिला मान फरशीचा. भिंत पाच-सात वर्षांनी रंगवली जाते, फरशी पिढीभर तशीच राहते. सोलापूरच्या कित्येक जुन्या घरांत शहाबादी आहे. शहाबाद इथून रेल्वेने वाडीच्या वाटेवर, कलबुर्गीच्या पुढे. ही फरशी एकाच रंगाची नसते. काही लाद्या निळसर राखाडी, काही मातकट पिवळ्या असतात, आणि तेल-पाणी मुरून त्या गडद होतात. निळसर लादी जास्त असेल तर करड्या झाकेचा पांढरा तिच्याशी एकजीव होतो. मातकट लादीवर तोच पांढरा उपरा वाटतो, तिथे ऑफ-व्हाइट घ्यावा. सागवान, पितळ, वेताच्या खुर्च्या, तांबडी-पिवळी सोलापुरी चादर अंथरलेला दिवाण, हे सारे पिवळसर पांढऱ्याच्या गोतावळ्यातले. स्टीलची कपाटे, काळा कडप्पा, राखाडी सोफा, निळे पडदे ही मंडळी दुसऱ्याची. हिरव्या रंगाबाबत मात्र जपून राहावे. पोपटी आणि मेंदीच्या हिरव्याबरोबर पिवळसर पांढरा चालतो, समुद्री हिरव्याबरोबर तो कोमेजतो.

दुसरा मान प्रकाशाचा. परदेशी सल्ल्यांत उत्तरेकडच्या खोलीला थंड प्रकाश मिळतो, म्हणून तिथे पिवळसर पांढरा लावावा असे सांगितलेले आढळते. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे तो सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही. शिवाय पारा चाळिशीपार गेला की आपण दुपारी खिडक्या लावून पडदे ओढून घेतो. म्हणजे वर्षातले दोन-तीन महिने भिंतीचा पांढरा रंग दिवसासुद्धा पडद्यातून गाळून आलेल्या उजेडात किंवा दिव्याखाली दिसतो. केशरी पडद्यामागे कोणताही पांढरा केशरीच होणार. पश्चिमेच्या खोलीत चार-पाच वाजता ऊन तांबड्या कोब्यावर आदळून भिंतीवर उसळते, तिथे पिवळसर छटा फार गडद वाटू शकते, म्हणून अगदी फिकी निवडावी.

पिवळसर छटेला ‘वॉर्म’ आणि निळसर छटेला ‘कूल’ म्हणतात; दिव्यांच्या खोक्यावरही हेच शब्द असतात, त्यामुळे घोटाळा वाढतो. उजेडाची झाक केल्व्हिनमध्ये मोजतात: २७०० ते ३००० केल्व्हिनचा दिवा पिवळा आणि ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा उजेड देतो. आपल्याकडे घरोघरी हा दुसराच जास्त दिसतो, आणि त्याखाली निळसर पांढरी भिंत दवाखान्यासारखी उदास भासते. अनेकदा भिंतीला दोष देण्याआधी दिवा ४००० केल्व्हिनचा लावून पाहिला, तरी पुष्कळ काम होते.

‘थंड’ या शब्दाने आणखी एक गैरसमज पसरतो. निळसर पांढऱ्याने खोलीचे तापमान कमी होत नाही. उन्हाचा ताप परतवण्याचे काम गच्चीवर मारलेला पांढरा थर करतो, आणि तिथे झाक पिवळी की निळी याने नजरेत भरेल एवढाही फरक पडत नाही. आतल्या भिंतीची थंडाई फक्त डोळ्यांची असते.

पारखण्याची पद्धत सोपी आहे, पण घाई चालत नाही. दोन्ही छटांचे लहान डबे आणून साधारण दोन फुटी प्लायवूडच्या तुकड्यांवर दोन-दोन हात मारावेत, पुरते एक दिवस वाळू द्यावेत, मग ते फरशीला टेकवून, मुख्य रंगाच्या शेजारी उभे करावेत आणि सकाळी, चार वाजता व दिवा लावल्यावर, तिन्ही वेळा पाहावेत. जुन्या भिंतीवरच नमुना लावला तर भोवतालचा जुना रंग त्याला बिघडवतो. झेरॉक्सच्या कागदाशीही तुलना करू नये; त्यात चमक आणणारी द्रव्ये असतात, त्यामुळे दिवसाच्या उजेडात तो निळसर उजळतो आणि त्याच्याशेजारी चांगला पांढराही मळका वाटतो.

दारे-खिडक्यांना ऑइलपेंट द्यायचा असेल, तर तो भिंतीच्या इमल्शनच्या छटेशी तंतोतंत जुळवण्याचा अट्टहास करू नये. पांढरा ऑइलपेंट काळाबरोबर पिवळा पडतो, आणि अंधाऱ्या जागी, कपाटाच्या आत किंवा उघड्या दारामागे, जास्त लवकर पडतो. निळसर भिंतीला लागून असलेली अशी चौकट दोन-तीन वर्षांत जुनाट दिसू लागते, तर ऑफ-व्हाइट भिंतीशेजारी तिचा हा बदल जाणवत नाही. तरीही निळसर भिंतच हवी असेल, तर चौकटींना पाण्यात मिसळणारा इनॅमल द्यावा, कारण तो फारसा पिवळा पडत नाही.