नळाला पाणी कधी सुटतं?

टायफॉइडचा पेशंट आला की सलाइन लावता लावता माझा प्रश्न ठरलेला असतो: "वैनी, तुमच्याकडं नळाला पाणी किती दिवसांनी सुटतंय?" नवीन सिस्टरांना हे विचित्र वाटतं. पण टायफॉइडचे जंतू पोटात गेल्यापासून ताप चढायला १ ते ३ आठवडे लागतात. म्हणजे आजचं जेवण विचारून फार काही हाती लागत नाही. गेल्या महिन्याचं पाणी विचारावं लागतं.

पाणी बंद असतं तेव्हा जमिनीखालच्या पाइपमधला दाब जातो. जुन्या सांध्यांना चिरा असतात, आणि बेळगावच्या जुन्या पेठांमधल्या अरुंद बोळांत गटार नि पाइप एकमेकांना खेटून. दाब असला की पाणी चिरेतून बाहेर गळतं. दाब गेला की बाहेरची घाण आत झिरपते आणि पाणी सुटल्यावर पहिल्या लोंढ्याबरोबर घागरीत येते. म्हणून पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नये, भांडी-फरशीला वापरावं.

बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गीच्या काही भागांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झालं. हुबळी-धारवाडच्या सुमारे ४ हजार घरांचा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. चोवीस तास पाणी असलेल्या भागात टायफॉइड झालेली घरं ४२ टक्क्यांनी कमी निघाली. लहान मुलांच्या साध्या जुलाबांत मात्र एकंदरीत फरक नव्हता. रक्ती जुलाब तेवढे गरीब घरांत कमी झाले. मला यात नवल वाटत नाही. जुलाबाला हात, माशा, उघडं अन्न अशा आणखी दहा वाटा आहेत.

नळाचा भरवसा नसला की घरात पिंपं येतात, आणि पिंपांबरोबर डेंगीचा डास. तो पाण्याच्या रेषेलगत, पिंपाच्या कडेला अंडी चिकटवतो. ती सुकली तरी कित्येक महिने जगतात. नुसतं पिंप उपडं करून भागत नाही, दर आठवड्याला घासणीनं कडा खरवडाव्या लागतात. रात्री दोनला पाणी सुटतं तिथं हे काम कुणाच्या अंगावर पडतं, आणि झोप कुणाची मोडते, हे सांगायला नको.

नर्सिंगचा पाया घालणाऱ्या, रात्री दिवा घेऊन रुग्णांकडं फिरणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९ मध्ये निरोगी घराला पाच गोष्टी लागतात असं लिहिलं: शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि उजेड. आपण तिचा दिवा तेवढा लक्षात ठेवला, गटार विसरलो.

आवाज तिच्या या पाचांत नाही. पण बेळगावच्या वडगाव-खासबागेत तो टाळता येत नाही. तिथं कित्येक घरांत पुढच्या खोलीत यंत्रमाग आणि मागच्या खोलीत स्वयंपाक. मागाचा आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. बीपी मोजायला हाताला पट्टा बांधून स्टेथोस्कोप लावला तरी नाडीचा ठोका ऐकू येत नाही, माग थांबवावाच लागतो. अशा आवाजात वर्षानुवर्षं राहिलं की कान जातात, आणि सततच्या गोंगाटाचा वाढत्या बीपीशीही संबंध आढळला आहे. मागकरी काकांना "माग बंद ठेवा" म्हणणं म्हणजे चूल बंद ठेवा म्हणणं. मागाच्या पायांखाली जाड रबर घालणं, मधल्या दाराची फट बुजवणं, मागावर बसताना कानात बोळे घालणं, एवढं मात्र होतं. कापसाचा बोळा फारसा आवाज अडवत नाही. फोमचे घ्यावेत, तेही नीट खोल बसवून.