तारे लुकलुकतात त्या रात्री

गोव्यात नवी दुर्बीण घेतलेला माणूस बहुधा नको ती रात्र निवडतो. डिसेंबरातली दमट, वारा पडलेली रात्र असते, तारे न थरथरता तेवत असतात, आणि त्याला वाटतं आज आभाळ झकास आहे. दोन दिवसांनी घाटाकडून कोरडा वारा सुटतो, व्याध लाल-निळा होत फडफडू लागतो, तेव्हा तो दुर्बिणीवर कापड टाकून आत जातो. गुरू किंवा शनी बघायचा असेल तर हे बरोबर आहे. पण मृगातल्या तेजोमेघाचा, म्हणजे चमकत्या वायूच्या ढगाचा, फोटो काढायचा असेल, तर बाहेर थांबायची रात्र हीच, कापड टाकून आत जायची नव्हे.

याचं कारण असं की ‘हवा खराब आहे’ या एका वाक्यात आपण दोन निरनिराळे दोष कोंबतो. हवेची थरथर हा एक. हौशी मंडळी त्याला ‘सीइंग’ म्हणतात. हवेचा गढूळपणा हा दुसरा. हे दोन्ही एकत्र येतीलच असं नाही. किनाऱ्यावर तर पुष्कळदा एक असतो तेव्हा दुसरा नसतो.

आधी थरथर. हवेचं तापमान एका अंशाने बदललं की तिचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाश किती वाकवते याचं माप, सुमारे दहा लाखांत एका भागाने बदलतो. फरक क्षुल्लक वाटतो, पण ताऱ्याचा प्रकाश असे गार-गरम पुंजके एकामागून एक ओलांडत खाली येतो आणि वाटेत त्याच्या लाटांना सुरकुत्या पडतात. डेव्हिड फ्रीड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात यावर एक माप सुचवलं: किती रुंदीच्या भिंगापर्यंत या सुरकुत्या फारशा जाणवत नाहीत? समुद्रसपाटीवरच्या, वस्तीतल्या जागी ही रुंदी साधारण रात्री जेमतेम ५ सेंटिमीटर असते. म्हणजे बारीक तपशिलापुरतं बोलायचं तर आठ इंची आरशाची दुर्बीणही लांब मुदतीच्या फोटोत ५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीइतकंच दाखवते. ताऱ्याचा ठिपका पसरून २ ते ४ विकलांचा होतो. एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग.

गुरूचं बिंब मोठं असतं तेव्हाही ५० विकलांच्या आसपासच भरतं, त्यामुळे त्यावर ३ विकलांची धूसरता म्हणजे मोठीच हानी. मृगातला तेजोमेघ, म्हणजे एम ४२, एका अंशाहून थोडा अधिक रुंद आहे, पूर्ण चंद्राच्या दुप्पट. त्याच्या एवढ्या पसाऱ्यात ३ विकला कुठे हरवतात कळतही नाही. त्यातून दुर्बीण छोटी, ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची (भिंगापासून प्रतिमा उमटते तिथपर्यंतचं अंतर) असेल आणि कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा, तर एका पिक्सेलमध्ये आकाशाचा जवळजवळ २ विकलांचा तुकडा मावतो. थरथर दीड-दोन पिक्सेलांत जिरते. आठ इंची, २,००० मिलिमीटरच्या दुर्बिणीवर तोच कॅमेरा लावला तर तारा आठ पिक्सेलांवर सांडतो आणि सगळं चित्र मऊ पडतं. म्हणून तेजोमेघासाठी मोठी दुर्बीण घ्यायला निघालेल्यांना मी आधी ८० मिलिमीटर रुंद भिंगाची घ्या म्हणतो. ते मला कंजूष समजतात.

आता गढूळपणा, आणि इथे गोव्याचा किनारा आपले खरे रंग दाखवतो. लाटा फुटताना उडालेले तुषार सुकतात आणि मिठाचे सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात. कोरड्या हवेत ते निरुपद्रवी असतात. पण सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि प्रत्येक कणाचा फुगलेला थेंब होतो. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तेच इथे लाखो पटीने लहान प्रमाणावर आभाळभर चाललेलं असतं. असे फुगलेले थेंब प्रकाश विखुरण्यात फार पटाईत. धुकं पडलंय असं डोळ्याला वाटतही नाही, पण मंद तारे एकेक करून नाहीसे झालेले असतात.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनी पाठ केलेत. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे वाहणारे खारे वारे हे मीठ आत आणतात. रात्री जमीन लवकर निवते, वारा फिरतो, आणि मतलई वारा ते पुन्हा बाहेर ढकलू लागतो. डिसेंबर-जानेवारीत या मतलई वाऱ्याला सह्याद्रीकडून येणाऱ्या कोरड्या पूर्व वाऱ्याची जोड मिळते. त्या रात्री आर्द्रता उतरते, आभाळ काळं पडतं. पण तोच वारा डोंगरावरून उतरताना ढवळला जातो, म्हणून तारे फडफडतात. लुकलुकणारा तारा आणि स्वच्छ हवा एकत्र येतात ती अशी. उलट वारा पडला की थर जागच्या जागी बसतात, थरथर कमी होते, आणि मीठ, धूर, दव सगळं त्याच थरात साचून राहतं.

रात्र कशी जाणार याचा अंदाज दुपारीच घेता येतो. सूर्य घराच्या कोपऱ्याआड पूर्ण लपेल असे उभे राहा आणि त्याच्या लगतचं आभाळ बघा, सूर्याकडे मुळीच नाही. कडेपर्यंत निळं असेल तर हवा स्वच्छ. पांढरट दूध सांडल्यागत असेल तर फोटोची आशा सोडा. रात्री टॉर्चचा झोत वर मारा. झोत लांबवर स्पष्ट दिसला तर तो थेंबांमुळे दिसतोय.

गढूळपणा तेजोमेघाला एवढा का बाधतो, ते एका काल्पनिक हिशेबाने पाहू. एका पिक्सेलमध्ये एका मिनिटात आभाळाच्या उजेडाचे ९०० फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, येतात आणि तेजोमेघाच्या विरळ कडेचे ३०. फोटॉन येतात ते अनियमित, त्यामुळे एकूण आकड्यात त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे साधारण ३० चा, चढउतार असतो. हाच गोंगाट. तेजोमेघ आणि गोंगाट सारखेच झाले, काही दिसणार नाही. असे १०० फोटो एकावर एक रचले की गोंगाटाच्या तुलनेत तेजोमेघ १० पट उठून दिसतो, कारण तेजोमेघ प्रतींच्या संख्येने वाढतो आणि गोंगाट तिच्या वर्गमुळाने. आता हवा गढूळ करा. तेजोमेघाचे ३० चे १५ होतात, आणि थेंबांनी खालच्या दिव्यांचा उजेड परतवल्यामुळे आभाळाचे ९०० चे १,२०० होतात. तेवढाच स्पष्ट फोटो मिळवायला आता १०० च्या जागी पाचशेहून अधिक प्रती लागतात. दीड तासाचं काम साडेआठ तासांवर गेलं. थरथरीने असं काही होत नाही. ती फोटॉन थोडे इकडेतिकडे करते, खात नाही.

प्रकाश साठवण्याची ही युक्ती फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कजवळून मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला, तेव्हा फोटोची काच ५१ मिनिटं उघडी ठेवली होती. मार्च १८८२ मध्ये ते १३७ मिनिटांपर्यंत गेले. पुढच्याच वर्षी अँड्र्यू कॉमन यांनी लंडनजवळच्या ईलिंगहून ३६ इंची आरशाने असा फोटो काढला की दुर्बिणीतून डोळ्याला न दिसणारे तारेही त्यात उमटले. दोघांपैकी कुणीही उंच डोंगरावर गेलं नव्हतं.

आपल्याला मात्र त्यांच्या नशिबी नसलेली एक अडचण आहे: दिवे. कळंगुट-बागा पट्टा, मांडवीतले कॅसिनो, महामार्ग, समुद्रातल्या ट्रॉलरांचे झोत. सत्तरी किंवा सांग्याच्या आतल्या भागात गेलात तर बराच फरक पडतो, तरी पश्चिमेचं क्षितिज उजळलेलं दिसतंच. इथे तेजोमेघाचा स्वभाव मदतीला येतो. त्यातला वायू सगळ्या रंगांत चमकत नाही. हायड्रोजनची लाल रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर, ऑक्सिजनची हिरवी रेषा ५००.७ वर, बहुतेक काम या दोन रेषांवर चालतं. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांना ती हिरवी रेषा एका तेजोमेघाच्या वर्णपटात पहिल्यांदा दिसली, पण ती कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना. म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचं मूलद्रव्य कल्पण्यात आलं. ते अस्तित्वातच नाही, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन अतिविरळ अवस्थेत ही रेषा देतो, हे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं.

या दोन रेषांभोवतालच्या अरुंद पट्ट्यांपुरतंच आत सोडणारा ड्युअल-बँड फिल्टर आज हौशी लोकांकडे असतो. आभाळाचा बहुतेक उजेड तो बाहेर ठेवतो. जुने पिवळे सोडियमचे दिवे अशा फिल्टरने सहज अडत. पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असल्याने थोडा आत येतोच. गढूळ हवेत लाल रेषेचं बरं चालतं. शुद्ध हवेच्या रेणूंमुळे होणारं विखुरणं ५०० नॅनोमीटरला ६५६ च्या सुमारे तिप्पट असतं, आणि मिठाच्या थेंबांनी हा फरक कमी होत असला तरी हिरव्या रेषेचंच नुकसान अधिक. दमट रात्री लाल टिपून घ्यावा, हिरवा-निळा कोरड्या रात्रीसाठी ठेवावा. कृत्तिकांभोवतीचा मेघ मात्र ताऱ्यांचा उजेड नुसता परावर्तित करतो. तिथे हा फिल्टर कामाचा नाही, गाडी काढून अंधारात जाण्यावाचून इलाज नाही.

अक्षांशाचेही आपले प्रश्न आहेत. गोवा साडेपंधरा अंश उत्तरेला, म्हणून ध्रुव क्षितिजापासून फक्त साडेपंधरा अंश वर. दुर्बिणीचं इक्वेटोरियल माउंट, म्हणजे ताऱ्यांमागोमाग दुर्बीण फिरवणारी बैठक, त्याच्याकडे रोखायचं, आणि तिथे नेमके शेजाऱ्याचे माड. माड नसले तर सर्वांत गढूळ थर, शिवाय त्या उंचीवर अपवर्तनाने ध्रुव खऱ्या जागेपासून साडेतीन कलांनी (एक कला म्हणजे ६० विकला) वर उचललेला दिसतो. युरोपातल्या अक्षांशांसाठी घडवलेली माउंट इतकी खाली झुकवली की तोलाच्या वजनाची दांडी तिपाईच्या पायाला आपटते. ध्रुव न पाहता, दोन-तीन फोटो काढून सॉफ्टवेअरने अक्ष जुळवण्याची पद्धत आल्यापासून निदान माडांशी भांडण मिटलं आहे.

दवाचं काय करायचं ते मात्र पहिल्याच रात्री ठरवावं लागतं. दुर्बिणीची काच उघड्या आकाशाकडे उष्णता सोडत हवेपेक्षा गार होते, दवबिंदूखाली उतरली की ओली. दुर्बिणीच्या तोंडाशी लांब नळकांडं आणि काचेभोवती मंद तापणारा पट्टा, दोन्ही लावावं. पट्टा जेमतेम कोमट हवा. जास्त तापला तर दुर्बिणीतच हवेची थरथर सुरू होते. काचेवर जमलेलं पाणी किनाऱ्यावर खारट असतं, ते पुसू नये. मीठ घासलं जाऊन लेप खरवडतो.

ही सगळी खटपट करायला मृग हा उत्तम धडा. डिसेंबरच्या मध्यावर तो मध्यरात्री जवळपास ७० अंश उंच येतो, हवेचा सगळ्यात पातळ थर मध्ये असतो. धनू राशीतला एम ८ हा तेजोमेघ मध्यरात्री सर्वांत उंच येतो तो जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे ऐन पावसात. त्याला मार्च-एप्रिलच्या पहाटेच गाठावं लागतं. आणि दक्षिणेला, त्रिशंकूच्या उजवीकडे, नौका तारकासमूहातला तेजोमेघ आहे. मृगातल्यापेक्षा कितीतरी मोठा, सुमारे साडेसात हजार प्रकाशवर्षं दूर. त्यातला ईटा कॅरिनी तारा १८४३ मध्ये भडकून व्याधाच्या खालोखाल तेजस्वी झाला होता. लंडनहून हा तेजोमेघ कधीच उगवत नाही, दिल्लीहून क्षितिजाला घासून जातो. गोव्यातून मार्चच्या सुरुवातीला मध्यरात्री तो १५ अंशांवर असतो.

पण १५ अंशांवर प्रकाशाला माथ्याच्या जवळजवळ चौपट हवा ओलांडावी लागते. माथ्यावरून येणाऱ्या प्रकाशाचा पाव भाग हवेत मुरत असेल, तर इथून एक तृतीयांशच पोचतो. काणकोणच्या किनाऱ्यावरून बघाल तर दक्षिणेला दिवे फारसे नाहीत, पण मिठाचा सगळा थर आहे. चोर्ल्याच्या घाटमाथ्यावर गेलात तर मीठ बरंचसं खाली राहतं, पण डोंगर क्षितिज खातो. माझा कौल घाटाला, पूर्वेचा वारा असलेल्या रात्री, लाल फिल्टर लावून. थरथर भरपूर असेल. दोन अंश रुंद मेघाला तिचं काही सोयरसुतक नाही.