सुटे भाग सुटे नसतात

गाडीच्या पार्ट्सना आपण ‘सुटे भाग’ म्हणतो. घरी किटकार, म्हणजे भागांच्या संचातून स्वतः जोडायची गाडी, बांधायला घेतलेल्या माणसाला हा शब्द किती फसवा आहे ते लवकरच कळतं. कल्पना तशी सरळ आहे. पत्रा गंजून गेलेली, पण इंजिन धडधाकट असलेली एक जुनी गाडी आणायची. ही ‘डोनर’. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग), ब्रेक, स्टिअरिंग उतरवायचं आणि किटमधून आलेल्या नव्या चासीवर, म्हणजे सांगाड्यावर चढवायचं. वर फायबरची बॉडी. बहुतेक सगळं बसतंही. खरी गंमत पुढे आहे, कारण त्यातला एकेक भाग जुन्या गाडीचं वजन आणि उंची गृहीत धरून घडवलेला असतो आणि नव्या गाडीत ती गृहीतकंच उरलेली नसतात.

या छंदाला हौसेइतकाच करानेही हातभार लावला. ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागे, किट म्हणून घेतलेल्या भागांवर लागत नसे. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी 1957 साली आणलेली लोटस सेव्हन याच फटीतून खपली. जोडणीच्या सूचना दिल्या तर कर लागेल, म्हणून सोबत ‘गाडी सोडवण्याच्या’ सूचना दिल्या जात आणि गिऱ्हाईक त्या उलट्या क्रमाने वाचे, असा किस्सा आजही सांगतात. 1973 मध्ये खरेदी कर जाऊन व्हॅट आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम या कंपनीकडे गेले.

अमेरिकेत ब्रूस मायर्स यांनी 1964 मध्ये फायबरची बग्गी बांधली, ती मायर्स मँक्स. नंतरच्या किटमध्ये फोक्सवॅगन बीटलचा तळ सुमारे 36 सेंटिमीटर कापून आखूड करत आणि त्यावर बॉडी ठेवत. बीटल डोनर म्हणून सोयीची, कारण तिची बॉडी तळावर बोल्टने बसवलेली असे. बोल्ट काढले की खाली चालती गाडी उरते. शिवाय इंजिन हवेने थंड होणारं, म्हणजे रेडिएटर कुठे बसवायचा हा प्रश्नच नाही. आजच्या बहुतेक गाड्यांत पत्र्याची बॉडी हाच सांगाडा असतो. ती टाकून दिली की सस्पेन्शन टांगायला खुंटीच राहत नाही, म्हणून किटवाल्याला स्वतःची चासी द्यावी लागते.

सेव्हनच्या घराण्यातल्या गाड्यांत ती लोखंडी नळ्यांची असते. साधारण 25 मिलिमीटरच्या चौकोनी नळ्या, भिंत जेमतेम दीड मिलिमीटर जाडीची. एवढ्या बारीक नळ्या टिकतात त्या त्रिकोणांमुळे. चार पट्ट्यांची चौकट कोपऱ्यांत खिळून ढकलली की तिरपी होते, एक कर्ण टाकला की हलत नाही. पण माणसाला आत बसायचं असतं, आणि बसायच्या जागेवर कर्ण टाकता येत नाही. बुटांचं रिकामं खोकं दोन टोकांना धरून पिळून पाहा, सहज मुरडतं. झाकण चिकटपट्टीने पक्कं केलं की तेच खोकं ताठ होतं. उघड्या गाडीचं हे झाकणच गायब असतं. म्हणून दोन सीटमधला बोगदा, जिथून इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा प्रॉपेलर शाफ्ट जातो, तो कण्यासारखा मजबूत करतात. पिळणारी चासी स्वतःच एक स्प्रिंग होऊन बसते, आणि या स्प्रिंगला शॉकअ‍ॅब्सॉर्बर नसतो.

आता वजनाचा हिशेब. समजा डोनर 1000 किलोची आहे आणि त्यात चाकं, हब, ब्रेक मिळून 130 किलो. म्हणजे स्प्रिंगांवर 870 किलो. किटकार भरली 600 किलो, पण चाकं-ब्रेक तेच, म्हणजे स्प्रिंगांवर 470. इंजिन तेच राहून वजन घटल्यामुळे गाडी सुसाट पळणार, हे कुणालाही कळतं. पण स्प्रिंगही त्याच ठेवल्या तर? डोलण्याची गती वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे ती 36 टक्क्यांनी वाढते. गाडी उंच उभी राहते आणि रस्त्यावर टणाटण उडते. मऊ स्प्रिंगा घालून यातून सुटता येतं. दुसरी गोष्ट मात्र तशी सुटत नाही. आधी स्प्रिंगांवरच्या पावणेसात किलोंमागे चाकांकडे एक किलो होता, आता साडेतीन किलोंमागे एक आहे. खड्ड्यात उसळलेलं चाक हलक्या गाडीला जास्त हिसका देतं. हलकी चाकं घ्यायची ती दिसण्यासाठी नव्हे, यासाठी.

ब्रेकचंही असंच. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं. गाडी जितकी उंच तितकं जास्त. डोनरच्या पुढच्या ब्रेकांना मोठा वाटा मिळतो तो त्यामुळे. ठेंगण्या किटकारमध्ये वजन कमी झुकतं, मागच्या चाकांची पकड शिल्लक राहते आणि पुढची आधी लॉक होतात. डोनरचं पुढचं इंजिन उचलून किटमध्ये सीटच्या मागे बसवलं असेल तर हे आणखी ठळकपणे दिसतं.

पण सगळ्यांत चिवट दुखणं म्हणजे बम्प स्टिअर. चाक वरखाली होताना विशबोनच्या, म्हणजे चाकाला चासीशी जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याच्या, टोकाने एक कंस काढतं. चाक वळवणारा स्टिअरिंगचा दांडा, म्हणजे टायरॉडही, स्वतःचा कंस काढतो. दोन्ही कंस जुळले नाहीत तर खड्ड्यात चाक स्वतःच वळतं आणि हात सरळ असूनही गाडी बाजूला झेपावते. डोनरमध्ये हे जुळवलेलं असतं. किटमध्ये विशबोन नवे आणि रॅक (टायरॉड डावी-उजवीकडे ढकलणारा स्टिअरिंगचा दातेरी भाग) जुना, म्हणून बिघडतं. तपासायची रीत मात्र झकास आहे. स्प्रिंग काढायची, हबला लेझर बांधायचा, ठिपका समोरच्या भिंतीवर पाडायचा आणि जॅकने चाक हळूहळू वर न्यायचं. ठिपका सरळ चढला तर ठीक. डावी-उजवीकडे सरकला तर रॅकखाली वॉशर घाला किंवा काढा, आणि पुन्हा जॅक. एखाद्या मिलिमीटरच्या वॉशरनेही ठिपक्याची वाट बदलते. यात अख्खी संध्याकाळ जाते, आणि माझ्या मते गाडीवर घालवलेल्या वेळातला हा सर्वांत सत्कारणी लागलेला वेळ.

ब्रिटनमध्ये अशा गाडीला रस्त्यावर येण्याआधी 2009 पासून आयव्हीए नावाची तपासणी द्यावी लागते. बाहेरच्या ज्या कडा माणसाला लागू शकतात त्यांची गोलाई निदान 2.5 मिलिमीटर हवी, इथवर ती बारकाईने होते. वळणावर सोडलेलं स्टिअरिंग आपोआप सरळीकडे यायला हवं, असाही नियम आहे. जड नाकाच्या डोनरमध्ये ते येतंच. हलक्या नाकाच्या किटकारमध्ये तोच रॅक आळशीपणा करतो, मग पुढच्या चाकांचा कॅस्टर कोन, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, वाढवावा लागतो.

वायरिंग शेवटी येतं आणि तेव्हा सगळे घाईत असतात. इंजिनाचा संगणक, किल्ली आणि इमोबिलायझर (परक्या किल्लीने गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) एकाच डोनरचे घ्यावेत. ते एकमेकांना ओळखतात, परक्याला नाही. पण नवख्याला खरा चकवा देतं ते अर्थिंग, म्हणजे करंटची परतीची वाट. पत्र्याच्या गाडीत बॅटरीची ऋण बाजू बॉडीला जोडलेली असते आणि बल्बातून परतणारा करंट पत्र्यातूनच जातो. बॉडी हीच एक मोठी वायर. फायबरमधून करंट जात नाही. सगळे प्लग लावून ब्रेक दाबावा तर ब्रेकचा दिवा मिणमिणतो आणि सोबत इंडिकेटरही मंद पेटतो, कारण परतीची वाट न सापडलेला करंट शेजारच्या बल्बातून रस्ता काढतो. प्रत्येक दिव्यापासून चासीपर्यंत एक काळी वायर ओढायची आणि तिची रिंग बसते तिथला पावडर कोटिंगचा रंग खरवडून चकचकीत लोखंड उघडं करायचं. चासी नुकतीच रंगवून आलेली असते, त्यामुळे हे खरवडणं जिवावर येतं.