कोणाला आधी उचलायचं? जंगलातल्या वाटेच्या गणिताची पार्श्वभूमी

1958 च्या डिसेंबरात आफ्रिकेतल्या झांबेझी नदीवरच्या करिबा धरणात पाणी साठू लागलं आणि खोऱ्यातल्या टेकड्यांची बेटं झाली. रूपर्ट फोदरगिल यांच्या पथकाने 1964 पर्यंत होड्यांतून फिरून 6,000 हून अधिक प्राणी बाहेर काढले. त्यांत काळे गेंडेही होते. होड्या मोजक्या, पाणी चढतं, आणि प्रत्येक फेरीला एकच पेच: आधी कुठल्या बेटावर जायचं?

गणितात हा पेच वेगळ्या वाटेने आला. सगळी ठिकाणं एकेकदा गाठण्याचा सर्वांत जवळचा मार्ग कोणता, हा प्रश्न गणितज्ञ कार्ल मेंगर यांनी 1930 च्या सुमारास मांडला. बंगालमधल्या तागाच्या पेऱ्याची नमुना पाहणी करताना संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनाही पाहणीदारांच्या फिरण्याच्या खर्चाचा हिशेब करावा लागला. 1962 मध्ये बेलमन यांनी, तसंच हेल्ड आणि कार्प यांनी स्वतंत्रपणे, एक रीत दिली: कोणती ठिकाणं झाली आणि आपण आत्ता कुठे आहोत, एवढंच लक्षात ठेवायचं, कोणत्या क्रमाने आलो ते विसरायचं. 20 ठिकाणांचे सगळे क्रम मोजायला गेलं तर 19 अंकी संख्या येते. या रीतीने काम साधारण 42 कोटी पायऱ्यांत उरकतं. विसरण्याचा एवढा मोठा फायदा गणितात क्वचितच दिसतो.

पण जंगलात सगळीकडे पोचता येतंच असं नाही. दिवस मावळतो, इंधन संपतं. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात खेळतात त्या ओरिएंटियरिंगच्या एका प्रकारात प्रत्येक ठिकाणाला गुण असतात आणि वेळ ठरलेली असते. त्सिलिगिरिडिस यांनी 1984 मध्ये त्याचं गणित मांडलं. गोल्डन, लेव्ही आणि व्होरा यांनी 1987 मध्ये ते किती अवघड आहे हे दाखवलं. माझ्या मते खरं वळण हेच. वाट कशी काढायची याच्या जोडीला कोणाला मागे ठेवायचं, हेही आता गणिताला विचारावं लागलं.

त्याच 1987 च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्निया कॉन्डॉर या गिधाडाच्या जातीचा रानातला शेवटचा पक्षी पकडला गेला. जगात उरलेले 27 च्या 27 आता माणसाच्या ताब्यात होते. तिथे एकालाही वगळायची सोय नव्हती. शिवाय नर-मादीची जुळणारी जोडी दोन सुट्या पक्ष्यांहून कितीतरी मोलाची, त्यामुळे गुणांची साधी बेरीजही चालत नाही.